किण्व-जनुकशास्त्रातील संशोधनसामग्रीचे संघटन : सॅकरोमायसीज जीनोम डेटाबेसचे स्वरूप व कार्यपद्धती

प्रस्तावना

पाव फुगविणारे, ताडी आंबविणारे आणि मद्यनिर्मितीत उपयोगी पडणारे किण्व म्हणजे सॅकरोमायसीज सेरेव्हिसी. गोव्यातील पारंपरिक पावासाठी पूर्वी माडाची सूर वापरली जात असे, तीही याच वर्गातील सूक्ष्मजीवांच्या बळावर. हा एकपेशीय जीव असला तरी त्याच्या पेशीत केंद्रक असते. पेशीविभाजन, प्रथिननिर्मिती, डीएनएची दुरुस्ती यांसारख्या मूलभूत क्रिया त्याच्यात आणि मानवी पेशीत पुष्कळशा एकाच धर्तीवर चालतात. शिवाय साधारण दीड ते दोन तासांत त्याची संख्या दुप्पट होते, तो स्वस्त माध्यमावर वाढतो, आणि त्याच्यातील हवे ते जनुक अचूकपणे काढता वा बदलता येते. या कारणांमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किण्व हा जनुकशास्त्राचा एक आवडता आदर्श जीव बनला. २००१ मध्ये लीलंड हार्टवेल, २०१३ मध्ये रँडी शेकमन आणि २०१६ मध्ये योशिनोरी ओसुमी यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकांच्या मुळाशी प्रामुख्याने किण्वावरील प्रयोगच होते.

तथापि एखाद्या जीवावर विपुल संशोधन होणे आणि त्या संशोधनाचा उपयोग करता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हजारो शोधनिबंधांत विखुरलेली निरीक्षणे, एकाच जनुकाला निरनिराळ्या प्रयोगशाळांनी दिलेली निरनिराळी नावे आणि कालांतराने चुकीचे ठरलेले निष्कर्ष यांची नीट मांडणी झाली नाही, तर नव्या संशोधकास आपल्या आधी काय झाले आहे हेच कळत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात डेव्हिड बॉटस्टीन व जे. मायकेल चेरी यांच्या पुढाकाराने सुरू झालेला सॅकरोमायसीज जीनोम डेटाबेस, म्हणजेच एसजीडी, हे या प्रश्नाला मिळालेले एक यशस्वी उत्तर होय. प्रस्तुत लेखात या डेटाबेसची घडण, त्यातील नोंद तयार होण्याची रीत आणि त्याच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. विज्ञानेतर विद्याशाखांतील अध्यापकांनाही हा विषय परका वाटू नये, कारण त्याच्या मुळाशी असलेले प्रश्न ग्रंथालयाचे आणि कोशरचनेचे आहेत. वस्तूला नाव कोणी द्यावे, प्रमाण पाठ कोणता मानावा, आणि विधानासोबत पुरावा कसा नोंदवावा, असे ते प्रश्न आहेत.

डेटाबेसपूर्व काळ

किण्वाला लैंगिक जीवनचक्र आहे, त्यात एकगुणित व द्विगुणित अशा दोन्ही अवस्था असतात, हे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ओय्विंड विंगे यांनी १९३५ च्या सुमारास दाखविले. त्यानंतर संकराच्या प्रयोगांतून जनुकांचे गुणसूत्रांवरील परस्परसापेक्ष स्थान ठरविणे शक्य झाले. किण्वाच्या एका द्विगुणित पेशीपासून अर्धसूत्री विभाजनाने चार बीजाणू तयार होतात व ते एकाच कोशात राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने हे चारही बीजाणू अलग करून प्रत्येकाचे गुण तपासण्याच्या पद्धतीस चतुष्क-विश्लेषण म्हणतात. डोनाल्ड हॉथॉर्न व रॉबर्ट मॉर्टिमर यांनी १९६० मध्ये या पद्धतीने जनुक-नकाशाचा पाया घातला. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील परिसरात मॉर्टिमर यांनी हा नकाशा वेळोवेळी सुधारून प्रसिद्ध केला. किण्वाच्या वाणांचा संग्रह त्यांनी सांभाळला आणि नव्या जनुकांच्या नावांची नोंदवहीही ठेवली. तीन दशकांहून अधिक काळ जगभरातील किण्व-संशोधकांचे हे सामाईक दप्तर बव्हंशी एका प्राध्यापकाच्या देखरेखीखाली चालले, ही गोष्ट आज नवलाची वाटते. जनुकांची संख्या काही शेकड्यांत होती तोवरच हे शक्य होते.

ही स्थिती जीनोमच्या वाचनाने पालटली. १९९२ मध्ये तिसऱ्या गुणसूत्राचा संपूर्ण अनुक्रम प्रसिद्ध झाला. ३५ प्रयोगशाळांनी मिळून वाचलेल्या या सुमारे ३ लाख १५ हजार बेस-जोड्यांच्या पट्ट्यात १८२ संभाव्य जनुके आढळली. त्यांपैकी बहुसंख्य जनुके अनेक दशकांच्या संकर-प्रयोगांतून कोणाच्याही दृष्टीस पडलेली नव्हती. एप्रिल १९९६ मध्ये सर्व १६ गुणसूत्रांचे वाचन पूर्ण झाले. सुमारे ६०० शास्त्रज्ञांच्या सहभागातून झालेल्या आणि बेल्जियमच्या आंद्रे गोफो यांनी युरोपीय बाजूने नेतृत्व केलेल्या या प्रकल्पाचा समग्र निबंध त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. त्यात १ कोटी २० लाखांहून अधिक बेस-जोड्या आणि ५,८८५ संभाव्य प्रथिन-जनुके नोंदविली होती. केंद्रकयुक्त जीवाचा संपूर्ण जीनोम वाचला जाण्याची ती पहिलीच वेळ होती. एका नोंदवहीचे युग तेथे संपले.

नावांचा प्रश्न

किण्वाच्या जनुकाचे प्रचलित नाव तीन रोमन अक्षरे व एक अंक यांचे बनते. सीडीसी२८ हे त्याचे परिचित उदाहरण होय. यातील 'सीडीसी' ही तीन अक्षरे पेशीविभाजन-चक्राचा निर्देश करतात आणि २८ हा हार्टवेल यांच्या मालिकेतील क्रमांक आहे. प्रभावी वा मूळ रूप मोठ्या रोमन अक्षरांत, तर अप्रभावी उत्परिवर्ती रूप लहान अक्षरांत लिहिण्याचा संकेत आहे. देवनागरीत मोठ्या-लहान अक्षरांचा भेदच नसल्याने मराठीतून शिकविताना हा फरक शब्दांनी सांगावा लागतो, आणि तो न सांगितल्यास विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो.

खरी अडचण मात्र लिपीची नाही. जनुकाला नाव दिले जाते ते त्याच्या बिघाडामुळे दिसलेल्या परिणामावरून, आणि एकाच जनुकाच्या बिघाडाचे परिणाम अनेक असू शकतात. टीयूपी१ या जनुकाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. थायमिडीन न्यूक्लिओटाइड बाहेरून शोषून घेणारे उत्परिवर्ती शोधणाऱ्यांनी त्यास टीयूपी१ म्हटले. ज्यांना पेशी एकमेकींना चिकटून गठ्ठे होताना दिसल्या त्यांनी एफएलके१ म्हटले. सायटोक्रोम-सी या प्रथिनाच्या प्रमाणात फरक पाहणाऱ्यांनी त्याच जनुकास सीवायसी९ असे नाव दिले. याखेरीज आणखीही काही नावे त्यास मिळाली. पुढे उलगडले ते असे, की या जनुकाचे प्रथिन इतर अनेक जनुकांचे कार्य दाबून ठेवणारे एक सर्वसाधारण नियंत्रक आहे. ते नाहीसे झाले की नाना प्रकारचे गुण एकदम उघडे पडतात. हत्ती आणि चाचपडणाऱ्या आंधळ्यांच्या कथेची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. फरक इतकाच, की येथे प्रत्येकाने आपल्या हाती लागलेल्या अवयवाचे नाव हत्तीला देऊन ते छापूनही टाकले होते.

स्वभक्षण, म्हणजे पेशीने स्वतःच्याच घटकांचे पचन करण्याची क्रिया, या विषयात हा गोंधळ आणखी वाढला. ओसुमी यांच्या गटाची एपीजी, जर्मनीतील गटाची एयूटी आणि अमेरिकेतील गटाची सीव्हीटी अशा तीन नाममालिका समांतर चालू राहिल्या, आणि अन्य किण्वजातींवर काम करणाऱ्यांच्या मालिका त्यांत मिसळल्या. एपीजी८, एयूटी७ आणि सीव्हीटी५ ही तीन नावे वस्तुतः एकाच जनुकाची होती. अखेर २००३ मध्ये संबंधित संशोधकांनी एकत्र येऊन एटीजी ही एकच नाममालिका स्वीकारली व वरील जनुक एटीजी८ झाले. मानवी जनुकांच्या नामकरणातही पुढे हाच धागा वापरला गेला.

अशा प्रसंगी डेटाबेसची भूमिका काय असावी? एसजीडीने स्वतः नाव लादण्याचे टाळले आहे. मॉर्टिमर यांची नाम-नोंदवही पुढे एसजीडीकडे आली आणि तिचे साधे पण चिवट नियम ठरले. नवे नाव प्रसिद्धीपूर्वी राखून ठेवता येते, निबंध प्रसिद्ध झाल्यावर ते प्रमाण होते, आणि दोन नावांत वाद असल्यास सामान्यतः आधी छापलेल्या नावास अग्रक्रम मिळतो. मात्र त्या जनुकावर काम करणाऱ्यांचे एकमत झाल्यास बदलही करता येतो. वगळलेली नावे पुसली जात नाहीत. ती उपनावे म्हणून नोंदीत राहतात, आणि त्यामुळे १९८० सालच्या निबंधातील जुने नाव शोधणाराही योग्य पानावर येऊन पोहोचतो. ही बाब वरकरणी क्षुल्लक वाटली तरी डेटाबेसच्या उपयुक्ततेचा मोठा भाग तिच्यावर उभा आहे.

स्थानदर्शक नाव आणि ओळखक्रमांक

ज्या जनुकांचे कार्य माहीत नाही त्यांना गुणावरून नाव देणे शक्य नसते. म्हणून जीनोम-प्रकल्पाने स्थानावर आधारित दुसरी पद्धती योजिली. सीडीसी२८ चे पद्धतशीर नाव वायबीआर१६०डब्ल्यू असे आहे. त्यातील 'वाय' हे किण्वाच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर आहे. 'बी' म्हणजे दुसरे गुणसूत्र, कारण १६ गुणसूत्रांस 'ए' ते 'पी' अशी अक्षरे दिली आहेत. 'आर' म्हणजे उजवी भुजा. १६० हा सेंट्रोमिअरपासून टोकाकडे मोजत गेल्यास येणारा क्रमांक. शेवटचा 'डब्ल्यू' हा डीएनएच्या दोन धाग्यांपैकी वॉटसन धाग्याचा निर्देश करतो, आणि विरुद्ध धाग्यावरील जनुकास 'सी', म्हणजे क्रिक, असे अक्षर लागते. पत्त्यातच गाव, गल्ली आणि घर क्रमांक यावा तशी ही रचना आहे.

परंतु घर क्रमांकांची जी अडचण असते तीच येथेही आहे. दोन घरांच्या मध्ये नवे घर उभे राहिले तर सगळे क्रमांक बदलावयाचे काय? तसे केल्यास पूर्वीचे सर्व निबंध निरर्थक होतील. म्हणून नंतर सापडलेल्या जनुकास शेजाऱ्याच्या क्रमांकापुढे 'ए', 'बी' अशी जोडअक्षरे देण्यात आली. याखेरीज एसजीडीने प्रत्येक घटकास 'एस' या अक्षराने सुरू होणारा एक अर्थहीन ओळखक्रमांक दिला आहे. अर्थहीन असणे हेच त्याचे बलस्थान होय. त्यात ना गुण सांगितला आहे ना स्थान, त्यामुळे ज्ञानात कितीही बदल झाला तरी तो बदलावा लागत नाही. संगणकीय तक्त्यांमध्ये अनुक्रम, निबंध, परस्परक्रिया व इतर डेटाबेसमधील समकक्ष नोंदी या क्रमांकाशी बांधलेल्या असतात. ग्रंथालयातील दाखलक्रमांक आणि वर्गांक यांतील भेद जाणणाऱ्यास ही योजना तत्काळ उमगेल.

प्रमाण पाठ कोणता?

जीनोम वाचला असे म्हणताना कोणत्या किण्वाचा, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रमाण मानलेला वाण एस२८८सी हा मॉर्टिमर यांनी प्रयोगशाळेत संकरांतून घडविलेला आहे. त्याच्या जनुकसंपदेचा सुमारे ८८ टक्के भाग ईएम९३ या वाणाकडून आला, असे मॉर्टिमर व जॉन्स्टन यांनी १९८६ मध्ये दाखविले. हा ईएम९३ म्हणजे एमिल म्राक यांनी १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातील मर्सेड येथे कुजलेल्या अंजिरावरून वेगळे केलेले किण्व. जगातील सर्व किण्व-संशोधनाचा संदर्भपाठ असा एका सडक्या फळापर्यंत जाऊन पोहोचतो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना अनेक हस्तलिखिते ताडून पाहिली व पाठभेद तळटीपांत दिले. संदर्भ-जीनोम त्या अर्थाने चिकित्सक आवृत्ती नव्हे. तो एकाच हस्तलिखिताचा शक्य तितका निर्दोष पाठ आहे. त्यातील वाचनदोष काढण्याचे काम एसजीडीने वर्षानुवर्षे केले. १९९६ चा अनुक्रम निरनिराळ्या प्रयोगशाळांनी तुकड्या-तुकड्यांनी वाचलेला होता. पुढे त्याच वंशावळीतील एका वसाहतीचे आधुनिक तंत्राने पुनर्वाचन झाले आणि २०११ च्या आरंभी सुधारित प्रमाण अनुक्रम प्रसृत करण्यात आला. पाठभेदांची बाजू त्यानंतर पुढे आली. २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १,०११ वाणांचे जीनोम एकत्र पाहिले असता ७,७९६ निरनिराळी जनुके आढळली. त्यांपैकी ४,९४० सर्व वाणांत समान होती, तर २,८५६ काहींत होती व काहींत नव्हती. म्हणजे एस२८८सी च्या पानावर जे जनुक नाही ते किण्वात नाही, असे विधान करता येत नाही. अध्यापनात ही सावधगिरी अभावानेच बाळगली जाते.

जनुक आहे की नाही

जीनोम वाचताना जनुक दिसत नाही. दिसते ती केवळ चार अक्षरांची लांबलचक ओळ. तीत आरंभ-संकेतापासून विराम-संकेतापर्यंत अखंड जाणारा, किमान १०० अमिनो आम्लांइतका लांब पट्टा आढळला की त्यास संभाव्य जनुक म्हणावे, असा व्यावहारिक संकेत सुरुवातीस ठरला होता. या संकेताने दोन प्रकारच्या चुका होतात. १०० हून लहान असलेली खरी जनुके निसटतात, आणि निव्वळ योगायोगाने लांब झालेले निरर्थक पट्टे जनुके म्हणून नोंदविले जातात.

२००३ मध्ये मॅनोलिस केलिस व सहकाऱ्यांनी किण्वाच्या तीन जवळच्या जातींचे जीनोम वाचून तुलना केली. खऱ्या जनुकाचा पाठ उत्क्रांतीत जपला जातो, तर योगायोगाने बनलेला पट्टा लवकरच विस्कटतो. या कसोटीवर सुमारे ५०० कथित जनुके टिकली नाहीत. एसजीडीने मात्र ती नोंदींतून काढून टाकली नाहीत. पडताळलेली, अनिर्णीत आणि संशयास्पद असे तीन वर्ग करून प्रत्येक नोंदीवर तो शेरा मारला. हा निर्णय दूरदर्शी होता. कारण तोपर्यंत जवळजवळ प्रत्येक जनुक एकेक करून काढून टाकलेल्या वाणांचा संग्रह आंतरराष्ट्रीय सहकार्याने तयार झाला होता व त्यावर प्रयोग चालू होते. एखादा संशयास्पद पट्टा काढल्यावर पेशी मेली, तर त्याचे कारण पुष्कळदा त्या पट्ट्याला व्यापून असणारे किंवा शेजारचे खरे जनुक बिघडले हे असते. नोंदच नाहीशी केली असती तर असे निकाल कोठे बसवावयाचे हे कळले नसते, आणि शेरा नसता तर ते निकाल खरे मानले गेले असते.

नोंद कशी घडते

एसजीडीमध्ये एका जनुकास एक पान असते. त्यावर नावे, स्थान, अनुक्रम, प्रथिनाची माहिती, उत्परिवर्तनाचे परिणाम, इतर जनुकांशी व प्रथिनांशी असलेल्या परस्परक्रिया, नियमन, अभिव्यक्ती आणि निबंधसूची येते. हे पान आपोआप तयार होत नाही. वैद्यक व जीवशास्त्रीय निबंधांच्या पबमेड या सूचीतून किण्वविषयक नवे निबंध नियमितपणे निवडले जातात. ते क्युरेटर या नावाने ओळखले जाणारे तज्ज्ञ संपादक वाचतात. हे संपादक बहुधा स्वतः प्रयोगशाळेत काम केलेले पीएच.डी.धारक असतात. निबंधातील कोणते विधान कोणत्या जनुकाविषयी आहे, ते प्रयोगाने सिद्ध झाले आहे की लेखकाचा तर्क आहे, वापरलेला वाण कोणता, जनुक संपूर्ण काढले होते की केवळ दुर्बल केले होते, हे सर्व ठरवून ते ठराविक परिभाषेत नोंदवावयाचे असते. 'पेशी मंद वाढतात', 'वाढ खुंटते', 'वाढीचा वेग घटलेला आहे' ही तीन लेखकांची तीन वाक्ये संगणकास तीन निरनिराळ्या गोष्टी वाटतात. म्हणून निरीक्षणाचा विषय आणि त्याचा विशेष, उदाहरणार्थ 'वाढीचा वेग' आणि 'घटलेला', असे दोन भाग करून नियंत्रित शब्दसंग्रहातूनच निवड केली जाते.

कार्यविषयक वर्णनासाठी याच विचाराचा विस्तार म्हणजे जीन ऑन्टॉलॉजी. १९९८ मध्ये किण्वाचा एसजीडी, फळमाशीचा फ्लायबेस आणि उंदराचा जीनोम-डेटाबेस यांनी मिळून तिचा आरंभ केला व २००० मध्ये तिचा पायाभूत निबंध प्रसिद्ध झाला. प्रथिनाचे रासायनिक कार्य काय, ते कोणत्या जैव प्रक्रियेत भाग घेते आणि पेशीत कोठे असते, असे तीन स्वतंत्र प्रश्न विचारून प्रत्येकाचे उत्तर सामाईक संज्ञांत द्यावयाचे, अशी तिची रचना आहे. संज्ञा एकमेकींशी सामान्य-विशेष संबंधाने जोडलेल्या असतात. त्यामुळे 'डीएनए-दुरुस्ती' असा शोध घेतल्यास तिच्या सर्व उपप्रकारांतील जनुके सापडतात. एका संज्ञेस एकापेक्षा अधिक पितृसंज्ञा असू शकतात, या बाबतीत ही रचना ग्रंथालयीन वर्गीकरणाहून अधिक लवचीक आहे.

या योजनेतील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे प्रत्येक विधानासोबत जोडला जाणारा पुराव्याचा संकेत. विधान प्रत्यक्ष प्रयोगावर आधारलेले आहे, उत्परिवर्तनाच्या परिणामावरून अनुमानिलेले आहे, अनुक्रमाच्या साम्यावरून बांधलेले आहे, की मानवी तपासणीविना संगणकाने लावलेले आहे, हे त्यावरून कळते. संपादकाने शोधूनही काही आढळले नाही तर 'माहिती उपलब्ध नाही' असा संकेत तारखेसह दिला जातो. न पाहिल्यामुळे कोरी असलेली जागा आणि पाहूनही कोरी राहिलेली जागा यांतील भेद नोंदविणारी शिस्त इतर विद्याशाखांतही क्वचितच आढळते. या संकेतांकडे दुर्लक्ष करणारे निबंध मात्र विपुल आहेत. साम्यावरून बांधलेले विधान एका जीवाच्या डेटाबेसमधून दुसऱ्यात आणि तेथून तिसऱ्यात जाते, आणि तीन ठिकाणी आढळते म्हणून ते तिप्पट खरे मानले जाते. वस्तुतः त्याचा उगम एकच असतो, व तो चुकीचाही असू शकतो.

या नोंदींचे मोल केवळ किण्वापुरते नाही. १९९३ मध्ये किण्वातील डीएनए-दुरुस्तीची विशिष्ट जनुके बिघडल्यास डीएनएमधील लहान पुनरावृत्त पट्टे अस्थिर होतात, असे दाखविणारा निबंध प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांत तशीच अस्थिरता त्याच सुमारास आढळली होती. हा दुवा लक्षात येताच त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत एमएसएच२ हे मानवी जनुक सापडले, आणि आनुवंशिक आतड्याच्या कर्करोगाच्या एका प्रकाराचे कारण उलगडले. त्या वेळी हा दुवा जाणकारांच्या स्मरणशक्तीने जुळला होता. समकक्ष मानवी जनुकांचे दुवे किण्वाच्या पानावर देणे म्हणजे ते काम स्मरणशक्तीवर न सोडणे होय. २०१५ मध्ये ४१४ अत्यावश्यक किण्व-जनुकांच्या जागी मानवी प्रतिरूपे घालून पाहिली असता जवळजवळ निम्म्या ठिकाणी पेशी जगल्या, यावरून या दुव्यांची सार्थकता ध्यानात येते.

प्रयोगांचे वाढते आकारमान

एका निबंधात एका जनुकाविषयी लिहिले जात असे, त्या काळात वरील पद्धती पुरेशी होती. १९९७ नंतर एका प्रयोगात सर्व जनुकांची अभिव्यक्ती मोजता येऊ लागली. २००३ मध्ये चार हजारांहून अधिक प्रथिनांची पेशीतील जागा प्रकाशमान प्रथिन जोडून पाहण्यात आली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकल्पात दोन-दोन जनुके एकाच वेळी बिघडविलेले सुमारे २ कोटी ३० लाख वाण तपासून जवळपास १० लाख जनुकीय परस्परक्रिया नोंदविल्या गेल्या. अशी सामग्री वाचून नोंदविणे कोणत्याही संपादकमंडळाच्या आवाक्यातले नाही. ती घाऊकपणे घ्यावी लागते आणि परस्परक्रियांसाठी बायोग्रिडसारख्या स्वतंत्र डेटाबेसशी सहकार्य करावे लागते. घाऊक प्रयोगातील निष्कर्ष व एकेका जनुकावरील बारकाईच्या प्रयोगातील निष्कर्ष पानावर वेगवेगळे दाखविण्याची दक्षता एसजीडी घेतो. एवढे होऊनही २००७ मध्ये 'जेनेटिक्स' नियतकालिकात असा प्रश्न विचारला गेला, की किण्वाची हजाराहून अधिक जनुके अजूनही अज्ञात का आहेत? प्रयोगशाळेतील सुखासीन परिस्थितीत ज्यांची गरजच पडत नाही अशी ती जनुके असावीत, हे त्याचे एक संभाव्य उत्तर होय.

खर्च कोणी सोसावयाचा

एसजीडी सर्वांस विनामूल्य खुला आहे. त्याचा खर्च मुख्यत्वे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानवी जीनोम संशोधन संस्थेच्या अनुदानातून भागविला गेला आहे. अशा अनुदानाचा भरवसा किती, हा प्रश्न काल्पनिक नाही. प्रोटिओम या कंपनीने चालविलेला किण्व-प्रथिनांचा डेटाबेस एके काळी दर्जाने अव्वल मानला जात असे व शैक्षणिक वापरकर्त्यांस तो मोफत होता. २००० मध्ये इनसाइटने ती कंपनी विकत घेतली, पुढे डेटाबेस सशुल्क झाला, आणि असंख्य प्रयोगशाळांचा त्याच्याशी संबंध तुटला. अरेबिडॉप्सिस या वनस्पतीच्या टेअर डेटाबेसला सरकारी अनुदान थांबल्यावर २०१३-१४ मध्ये वर्गणीचा मार्ग पत्करावा लागला. २०१६ मध्ये आदर्श जीवांच्या डेटाबेसचे अनुदान आटविण्याच्या विचाराविरुद्ध हजारो शास्त्रज्ञांनी सह्यांचे पत्र दिले. त्याच वर्षी किण्व, सूत्रकृमी, फळमाशी, झेब्रामासा, उंदीर व घूस यांचे डेटाबेस आणि जीन ऑन्टॉलॉजी यांनी अलायन्स ऑफ जीनोम रिसोर्सेस हा संघ स्थापून समान यंत्रणा एकत्र करण्यास आरंभ केला. त्यानंतरही २०२५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची संघीय अनुदाने रद्द झाली तेव्हा फ्लायबेसला वापरकर्त्यांकडे आर्थिक साहाय्य मागण्याची वेळ आली. नवा शोध लावणाऱ्यास पारितोषिक मिळते, परंतु शोधांची नोंद ठेवणाऱ्याचे वेतन दर चार-पाच वर्षांनी नव्याने मागावे लागते, ही विसंगती अद्याप सुटलेली नाही.

महाविद्यालयांच्या दृष्टीने या डेटाबेसचे दोन उपयोग संभवतात. पहिला उघड आहे. जेथे किण्व वाढविण्याची सोय नाही अशा महाविद्यालयातही पदवी वर्गाचा विद्यार्थी एखादे जनुक निवडून त्याचे स्थान, प्रथिन, मानवी प्रतिरूप व पुराव्याचा दर्जा तपासू शकतो. 'संशयास्पद' शेरा असलेल्या पट्ट्याबद्दल तो शेरा का मिळाला, हे शोधण्याचा स्वाध्याय कोणत्याही तयार प्रात्यक्षिकाहून अधिक शिकवितो. दुसरा उपयोग स्वतःच्या सामग्रीकडे पाहण्याचा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या राष्ट्रीय संग्रहातून वाण घेऊन, अथवा ताडी, द्राक्षे व आंबवलेले पीठ यांतून किण्वे वेगळी करून, राज्यातील विद्यापीठांत एम.फिल. व पीएच.डी.चे अनेक प्रबंध झाले आहेत. शोधगंगेवर असे प्रबंध पीडीएफ स्वरूपात जतन होतात, ही निश्चितच मोठी सोय आहे. तथापि प्रबंधाच्या पानावर छापलेला तक्ता म्हणजे डेटाबेसमधील नोंद नव्हे. वाणाचा संग्रह-क्रमांक, तो मिळाल्याचे ठिकाण व तारीख, वापरलेले माध्यम आणि तापमान यांपैकी एक जरी बाब सुटली असेल, तर दुसऱ्या संशोधकास त्या आकड्यांचा उपयोग करता येत नाही. फरिदाबाद येथे नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय जैविक माहिती केंद्राचे उद्घाटन झाले व जैविक सामग्री देशातच जमा करण्याची सोय उपलब्ध झाली. तेथे अनुक्रम दाखल करताना वाण कोणता, कोठून व केव्हा मिळविला यांसारखे तपशील भरावे लागतात, आणि ते प्रयोगाच्या दिवशीच वहीत लिहिलेले असावे लागतात.